एक साइझ वरचे चीफकाका

चीफकाकांना मापात बसणारी वस्तू बघवत नसे. शर्ट असो, कुकर असो, छत्री असो, लागेल त्यापेक्षा एक साइझ वरची घ्यायची हा त्यांचा नियम. त्यांच्या चपला टाचेमागे बोटभर उरत आणि फटक फटक वाजत, त्यामुळे ते लिफ्टमधून उतरले की आम्हाला दार न उघडताही कळे. घरात माणसं दोन, आणि कुकर मंगल कार्यालयातून पळवून आणल्यासारखा. काकू बिचाऱ्या त्यात वाटीभर भात लावत आणि शिट्टीची वाट बघत बसत. कुणी हसलं की काका म्हणत, "हसा, हसा. समुद्राच्या मध्यावर दुकान नसतं."

आमच्या ब्लॉकच्या खालीच रात्रंदिवस उघडं असणारं दुकान होतं, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता. माणूस मूळचा रत्नागिरीचा, उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं, चीफ इंजिनिअरपर्यंत पोचलेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जहाज सोडून ते सिंगापूरला आले आणि सेम्बावांगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला लागले. राहायला वुडलँड्सला, आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये. मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, नवरा संजय आयटीत, मुलगी ईरा तेव्हा शाळेत. माझं नाव मीनल, पण काका मला मिनू म्हणत. माहेर सुटल्यापासून मला मिनू म्हणणारा तो एकच माणूस, म्हणून मी त्यांच्यावर जरा जास्तच हक्क गाजवत असे.

आमच्या मराठी कंपूत "चीफ म्हणाले" हे शेवटचं वाक्य असे. फ्रिज कोणता घ्यावा, गीझर किती लिटरचा, भारतात जाताना बॅग केवढी, सगळं काकांना विचारून. संजयने त्यांच्या सल्ल्याने टीव्ही घेतला. आमचा हॉल एवढासा, टीव्ही एवढा मोठा, आणि बातम्या देणाऱ्या बाईचं नाक आमच्या ईराच्या डोक्याएवढं. "दोन वर्षांनी लहान वाटेल बघ," काका म्हणाले. नाही वाटला. पण तक्रार कोण करतो? मोठी वस्तू घेऊन फसलेला माणूस गप्प बसतो, यावर काकांची पत टिकून होती. आणि ती पत त्यांना फार प्रिय होती. कुणी सल्ला विचारला की त्यांचा चेहरा असा काही उजळत असे की नुसतं ते बघायला मी नको त्या गोष्टी विचारायची.

अशा माणसाकडे एक दिवस बंदूक निवडायचं काम आलं.

झालं असं, की काकांबरोबर जहाजावर पीटर नावाचा न्यूझीलंडचा सेकंड इंजिनिअर होता. समुद्र सोडून तो आपल्या गावी मेंढ्यांच्या शेतीवर गेला होता. त्याच्याकडच्या डोंगरात हरणं माजलेली, कुरणं खाऊन टाकणारी, त्यामुळे तिथे शिकार म्हणजे भाजी आणायला जावं इतकी रोजची गोष्ट. दरवर्षी तो काकांना बोलवायचा, "गुडघे आहेत तोवर ये." आता त्याची जुनी बंदूक त्यालाच चढावर जड व्हायला लागली होती. त्याने काकांना लिहिलं, "हलकी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल हवी आहे. निवड तू कर, तुझ्याइतकी चौकशी माझ्याने होणार नाही. माझ्या लायसन्सवर मी घेतो. तू ये, मी शेजारी उभा राहतो, आणि तिचं पहिलं हरीण तू मार."

काकांनी आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडले नव्हते. पण काम अंगावर घेतलं ते यार्डात जहाज घेतल्यासारखं. पुढचं वर्षभर आम्ही दुसरं काही ऐकलं नाही. आता ज्या देशात खिशात एक काडतूस सापडलं तरी माणूस आयुष्यातून उठतो, तिथे बसून हा उद्योग करायचा म्हणजे काय? म्हणून लिफ्टमध्ये आणि एमआरटीच्या गाडीत ते 'बंदूक' हा शब्दच उच्चारत नसत. "मिनू, वस्तूची नळी थोडी आखूड घ्यावी म्हणतो," असं ते गच्च भरलेल्या डब्यात माझ्या कानाशी येऊन सांगत. लोक आमच्याकडे बघत, आणि मी खिडकीबाहेर.

पण एक सांगते, माणूस अभ्यासू होता. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय, तर प्रत्येक गोळीनंतर बाजूचा दांडा हाताने वर करायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, आणि दांडा परत खाली. हे त्यांनी मला आमच्या बाथरूमची कडी लावून-उघडून समजावलं होतं. कमी भाग, कमी कटकट, पावसात चिखलात अडकणार नाही. नळी स्टेनलेस स्टीलची हवी, कारण गंज काय करतो ते त्यांनी जन्मभर बघितलेलं. दस्ता लाकडाचा दिसतो छान, पण भिजला की फुगतो आणि नेम हलतो, म्हणून प्लास्टिकसारख्या फायबरचा. दुर्बीण फार मोठी नको, नाहीतर हलकी बंदूक घेऊन वर धोंडा ठेवल्यासारखं होईल. दुर्बिणीच्या बाबतीत त्यांनी 'मोठी नको' म्हटलेलं ऐकून संजयने माझ्याकडे असं बघितलं, की मला हसू आवरेना.

वजनाचा तर ध्यासच घेतला त्यांनी. "चढाला शेवटच्या टप्प्यात शंभर ग्रॅमसुद्धा सासूसारखे बोलतात," म्हणायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "माझी नव्हती हो बोलत, तुमचाच आवाज मोठा." बंदुकीच्या वजनाइतका एक सोटा त्यांनी बनवला. झाडूची काठी, तिला लोखंडी वायसर अडकवलेले. हुबेहूब बंदूक वाटेल असं काहीही नको, हे मात्र कटाक्षाने. रोज संध्याकाळी तो सोटा पट्ट्याने खांद्याला लावून ते ब्लॉकचे जिने चढत. चपला फटक फटक, वायसर खुळखुळ. खालच्या मजल्यावरच्या मिसेस तान दारातून डोकवायच्या, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आ?" काका म्हणायचे, "नो नो, एक्सरसाइज." त्या माउलीने एकदा त्यांना जिन्यात केळी आणून दिली.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. पीटरचंही तेच मत, पत्र आलं की प्रत्येक मुद्द्याला होकार. अडलं ते काडतुसावर.

पीटर म्हणाला, थ्री-ओ-एट घेऊ. हरणाला भरपूर होतं, आणि खांद्याला सोसतं. काकांनी लगेच ठरवलं, एक साइझ वर. थ्री हंड्रेड मॅग्नम. तीनशे हे तीनशे आठपेक्षा मोठं कसं, हे मला आधी कळेना. तेव्हा काकांनी समजावलं की गोळी जवळपास तेवढीच, पण मागचं पितळी नळकांडं मोठं, त्यात दारू जास्त, जोर जास्त. पीटरने परत लिहिलं, "इतक्या हलक्या बंदुकीत एवढा जोर घातलास, तर तो सगळा तुझ्याच खांद्यावर येणार. हरणाला फरक कळणार नाही, तुला कळेल." हे काकांनी मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढून म्हणाले, "पीटर पहिल्यापासून कमीत भागवणारा. सोसेल की नाही सोसेल, यापेक्षा पुरेल की नाही पुरेल, हे बघायचं असतं."

मी खांदेच दाबते दिवसभर. म्हटलं, "काका, साठीच्या खांद्याचं मी तुम्हाला सांगू का? आणि एकदाही उडवून न बघता काय ठरवता?"

"मिनू, मी ड्रॉइंग बघून इंजिन ओळखतो," काका म्हणाले. झालं. मी हात टेकले.

त्याच आठवड्यात कंपूतल्या कुलकर्ण्यांच्या काँडोत सगळे जमलो होतो. तिथे काकांनी जाहीर केलं, "थ्री हंड्रेड मॅग्नम." एकाही माणसाला त्यातलं काही कळलं नाही, तरी टाळ्या पडल्या. कुलकर्णी उठून म्हणाला, "चीफ, एका गोळीत आडवं झालं पाहिजे!" काका उगाच खोकले, पण चेहरा बघायचा होता तुम्ही. सबंध सिंगापूरने त्यांना विचारून बंदूक घ्यायची ठरवली असावी, असा.

जूनच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं न्यूझीलंडला गेलो. तिकडे कडाक्याची थंडी, डोंगरांना वरून बर्फ. काकांचं जॅकेट अर्थात एक साइझ वरचं, त्यात वारा शिरून ते फुगत होतं. पीटर लांबडा, कमी बोलणारा, हसला की डोळे मिटणारा माणूस. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवी बंदूक ठेवली होती. काकांनी तिच्यावरून हात फिरवला आणि उचलली. वर्षभर सोटा वाहिलेल्या त्या खांद्याला वजन बरोबर ओळखू आलं. "अगदी तीच," एवढंच म्हणाले. तो क्षण मी कधी विसरणार नाही. इतकी आनंदी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईराला झोपू देऊन आम्ही घरामागच्या माळावर नेम जुळवायला गेलो. कागदाचं निशाण लावलं, काका आडवे झाले, पीटरने कानाला लावायला मफ दिले. पहिली गोळी सुटली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन हादरली. काकांचं अख्खं शरीर मागे सरकलं आणि दुर्बिणीची कड फटकन येऊन भुवईवर बसली. चंद्रकोरीसारखी चीर पडली, भळाभळा रक्त. काकूंनी किंकाळी फोडली. संजय, जो स्वतःचं रक्त तपासायला द्यायचं तरी पंधरा दिवस आधीपासून अस्वस्थ असतो, तो तिथेच मटकन खाली बसला. मी पट्टी लावली. "कुंकू लागलं," काका हसत म्हणाले. आणि परत बंदुकीमागे आडवे झाले.

पुढच्या गोळ्या कागदाच्या आसपासही गेल्या नाहीत. मग पीटरने एक गंमत केली. "जरा दे," म्हणून बंदूक घेतली, पाठ करून भरली आणि परत दिली. काकांनी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं टिक् झालं. पीटरने आत रिकामं काडतूस घातलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. पण नळीचं तोंड हातभर खाली गेलं, खांदा पुढे झुकला, आणि काकांचे डोळे घट्ट, लहान पोराला इंजेक्शन देताना मिटतात तसे घट्ट मिटलेले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. धक्का येण्याच्या आधीच त्यांचं अंग धक्क्याला भीत होतं.

काका तसेच पडून राहिले. मान वर करेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या वडिलांना कुणी चारचौघांत रागावलं की कसं होतं, तसं. पीटर त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चीफ, सगळ्यांचं होतं. तिला राहू दे. माझी जुनी घे."

दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं होतं. काकू, संजय आणि ईरा घरी थांबणार होते. मी कोल्हापूरची, मटणाला कधी नाही न म्हटलेली. जे खाते ते कसं येतं हे एकदा बघायचं ठरवून मी बरोबर निघाले होते. दाराशी पीटरने दोन बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, जुनी थ्री-ओ-एट आणि नवी. काकांनी दोन्हींकडे बघितलं आणि नवी उचलली. पीटरने जुनी आपल्या खांद्याला लावली.

वाटेत मी म्हटलं, "काका, का हो? जुनी घ्या ना."

ते चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षभर सगळ्यांना सांगितलंय गं. आता परत जाऊन काय सांगू? माझी मला झेपली नाही म्हणून?"

मला तेव्हा त्यांना ओरडावंसं वाटलं. पण दोन वाक्यांपूर्वी मी ज्या माणसाला दम देऊ शकत होते तो हा नव्हता. त्या फुगलेल्या जॅकेटात तो मला एकदम लहान दिसला.

हरणी घळीच्या पलीकडच्या उतारावर चरत होती. एकटीच. पीटरने पाठपिशवी खाली ठेवून त्यावर बंदूक टेकवायला दिली, अंतर सांगितलं, श्वास सोड म्हणाला. मी हातातल्या दुर्बिणीतून हरणीकडे बघत होते, आणि का कोण जाणे, शेवटच्या क्षणी दुर्बीण काढून काकांकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. मग बार झाला.

गोळी तिला मागे लागली, कमरेत. ती बसली. मग पुढच्या पायांवर उठली आणि मागचं अंग ओढत, ओढत, झुडपांकडे निघाली. पीटर ओरडला, "परत! दांडा ओढ, परत मार!" वर्षभर आमच्या बाथरूमच्या कडीवर जे त्यांनी मला शिकवलं होतं, वर, मागे, पुढे, खाली, ते त्यांच्या हाताला आठवेना. हात तसाच दांड्यावर पडून राहिला. हरणी झुडपांत गेली.

आम्ही घळ उतरलो. पीटर पुढे, रक्ताच्या ठिपक्यांवर नजर ठेवून, मी मध्ये, काका मागे. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, घड्याळाकडे बघायचीसुद्धा लाज वाटत होती. ती एका ओढ्याच्या काठाशी पडली होती, जिवंत. आमच्याकडे बघत होती. पीटरने जुनी बंदूक खांद्याला लावली, आणि तिचे हाल संपले.

काकांनी टोपी काढली. चिखलात गुडघे टेकून बसले. मग मान खाली घालून म्हणाले, "सॉरी, पीटर."

"मला नको सांगूस, चीफ," पीटर म्हणाला. रागाने नव्हे. पण त्याने ते म्हटलं आणि सुरी काढून कामाला लागण्याआधी, पहिल्या शिकारीचा काढायचाच असतो म्हणून, काकांचा फोटो काढला. गुडघ्यावर बसलेले काका, हातात टोपी, भुवईवर पट्टी, मान खाली.

हा फोटो काकूंनी पीटरकडून मागून घेतला आणि आम्ही घरी पोचून अंग धुऊन येईपर्यंत सिंगापूरच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा दिला. खाली लिहिलं, 'एका गोळीत!' त्यांचाही दोष नव्हता हो. त्या घरी स्वयंपाकघरात होत्या. पहिला बार त्यांना ऐकू आला, दुसरा खोल घळीत झाला, तो घरापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी एकच मोजला आणि आनंदाने सांगितला. त्या फोटोत काकांची लाज सगळ्यांना दिसत होती आणि सगळ्यांनी तिला नम्रता म्हटलं. 'केवढा आदर आहे बघा प्राण्याबद्दल!' असा कुणाचा तरी मेसेज आला. काकांनी फोन उलटा करून ठेवला.

परत आल्यावर रविवारी कुलकर्ण्यांकडे जेवण. तेक्का बाजारातून आणलेलं मटण, वडे, सोलकढी. आणि मधोमध केक, त्यावर हरीण, चॉकलेटची शिंगं लावलेलं. आमच्या हरणीला शिंगं नव्हती. मी काकांचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, आता उठून घरी न्यावं यांना. पण ते स्वतःच उभे राहिले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "ते हरीण मी मारलं नाही. मी नुसतं जखमी केलं. मारलं पीटरने. माझी निवड चुकली, आणि त्याचे हाल त्या मुक्या जिवाने सोसले."

हशा पिकला. "चीफ, विनय पुरे!" "फोटो आहे आमच्याकडे!" काकांनी हात वर केला. आवाज चढवून, अक्षरशः रडवेल्या आवाजात म्हणाले, "अहो, माझे डोळे मिटले होते!"

"डोळे मिटून!" कुलकर्णी उडालाच. "ऐकलंत का? डोळे मिटून, एका गोळीत!"

टाळ्या, शिट्ट्या. मी उठले. म्हटलं, "अरे, ते खरं सांगतायत. मी होते तिथे. ऐका तरी!" तर कुलकर्णीवहिनी माझ्या पाठीत थोपटून म्हणतात कशा, "तू तर त्यांच्याच तालमीतली, तू त्यांचीच री ओढणार." आमची ईरा कौतुकाने म्हणाली, "अंकल सो हम्बल ला." संजयही काही बोलायला गेला, पण तो माळावर रक्त बघून बसला होता ही गोष्ट काकूंनी आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे त्याचं तोंड उघडण्याआधीच लोक हसायला लागले. शेवटी काकांच्या हातात सुरी दिली. त्यांनी केक कापला, अगदी कडेला, जिथे नुसतं क्रीम होतं तिथे. हरणाला सुरी लावली नाही. मला सांगा, कबुली द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला लोक असे खांद्यावर घ्यायला लागले, तर त्याने करायचं काय? मला त्या दिवशी त्या सगळ्यांची लाज वाटली, त्यांच्यात बसून वडे खाल्ले म्हणून माझीही वाटली, आणि काकांकडे बघवेना.

त्यानंतर काका बदलले. सोट्याचे वायसर सोडवून त्यांनी यार्डात परत नेले, काठी झाडूला लावली. जिन्यातली खुळखुळ थांबली तेव्हा मिसेस तान मला विचारायला आल्या, अंकल सिक का म्हणून. कुणी सल्ला मागितला की काका म्हणत, "दुकानात जा, हात लावून बघ, झेपतं का बघ." बस्स. लोकांना वाटलं चीफला शिंगं फुटली, एक हरीण काय मारलं. काकूंनासुद्धा खरं काय ते काकांनी त्या जेवणानंतर घरी बसवून सांगितलं. त्या माझ्याकडे येऊन रडल्या, "मीच लिहिलं गं ते." ग्रुपवर त्यांनी दुरुस्तीही टाकली. तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

पुढच्या जूनमध्ये काका यार्डाच्या कामासाठी म्हणून कुठेसे जाऊन आले. आल्यावर हॉस्पिटलात माझ्याकडे आले, खांदा आखडलाय म्हणून. मी शर्ट उतरवायला सांगितला. उजव्या खांद्याच्या खोबणीत पिवळट पडलेला एक डाग होता, छोटासा, जिथे दस्ता बसतो नेमका तिथे. शर्ट हातात धरून मी बघतच राहिले. शर्ट मापाचा होता.

"काका, परत गेला होतात?"

ते टेबलाच्या कडेकडे बघत बोलले. पीटरच्या बायकोची बंदूक होती, टू-फोर-थ्री नावाच्या काडतुसाची. "सगळ्यांत लहान, मिनू. तिथल्या बायका-पोरी चालवतात ती." आठवडाभर ते माळावरून हलले नाहीत. पीटर कधी खरं काडतूस भरायचा, कधी रिकामं, आणि हे चाप ओढायचे. नळी खाली जायची थांबली, तरी पीटरने आणखी दोन दिवस तेच करून घेतलं. मगच डोंगरावर नेलं. त्याच घळीत.

"मग?" मी विचारलं.

"एकच लागली. जिथे उभी होती तिथेच खाली बसली. तिला कळलंसुद्धा नसावं."

"आणि डोळे?"

"उघडे होते," काका म्हणाले. "शेवटपर्यंत उघडे होते. फार वाईट वाटतं गं, उघडे असले की." मग म्हणाले, "पण बघायला पाहिजे. मागच्या वेळी मी तिला बघितलंसुद्धा नव्हतं."

फोटो काढला नव्हता. पीटरने फोन बाहेर काढला होता, काकांनीच नको म्हटलं.

वर्षअखेर त्यांची नोकरी संपली आणि ते दोघं रत्नागिरीला परत निघाले. विमानतळावर सगळा कंपू आला होता. कुलकर्ण्याला भाषण केल्याशिवाय राहवतंय कुठे? ट्रॉलीवर चढायचा बाकी होता. "असा माणूस परत होणे नाही. थ्री हंड्रेड मॅग्नम! डोळे मिटून, एका गोळीत!" पुन्हा टाळ्या. आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले. काकांनी हात जोडले, वर्षानुवर्षं जोडत आल्यासारखे.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन त्यांच्या कानाशी म्हटलं, "काका, आता तरी सांगा ना यांना. या वेळचं तर खरं आहे. खरोखर एका गोळीत."

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसले, पण ते हसू त्यांच्या मापाचं नव्हतं.

"काय सांगू मिनू?" ते म्हणाले. "'एका गोळीत' हे तर मागच्याच वर्षी सांगून झालंय."